पुसलेलं जातं कुठे?

गेल्या श्रावणातल्या एका रविवारी सकाळी आमच्या इमारतीमागचं चेंबर तुंबलं आणि तळमजल्यावरच्या एका घरात मोरीतून पाणी उलटं वर आलं. मुंबईच्या मरोळमध्ये पावसाळ्यात हे काही नवीन नाही. सेक्रेटरींनी फोन केला, तासाभरात चोकअप काढणारा माणूस आला. बरोबर बांबूच्या लांब कांबी, एक बादली आणि लोखंडी आकडा. हातात मोजे नव्हते. त्यानं झाकण सरकवलं तसे आम्ही सगळे दोन पावलं मागे सरलो. नाकाला पदर लागले, रुमाल लागले. अर्धा तास तो वाकून कांब आत-बाहेर करत होता. शेवटी जे बाहेर निघालं ते बघायला मी पुढे गेले, कारण मला वाटलं होतं तसं ते दिसत नव्हतं. पांढुरकं, मेणचट, मनगटाएवढं जाड ढेकूळ. त्यात भाताची शितं रुतलेली, चहाचा चोथा, कढीपत्त्याची पानं, मिरचीचे देठ आणि दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे. तो म्हणाला, "ताई, हे संडासचं नाय. हे सगळं किचनचं."

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. रात्री ओटा धुतल्याशिवाय मी अंथरुणाला पाठ लावत नाही, आणि 'तुमचा ओटा काय लख्ख असतो!' हे शब्द मी तीस वर्षं कौतुकानं ऐकत आले आहे. पण आदल्याच आठवड्यात नारळी पौर्णिमेच्या दिवशी पुऱ्या तळून उरलेलं तेल मी उकळत्या पाण्याबरोबर सिंकमध्ये सोडलं होतं. कढई चकचकीत झाली होती. त्या ढेकळात माझा वाटा होता आणि तो एक परका माणूस उघड्या हातानं उपसत होता.

तेव्हापासून स्वयंपाकघरात काहीही पुसताना माझ्या मनात एकच प्रश्न येतो, की हे आता जाणार कुठे? आपण जिला स्वच्छता म्हणतो ती बहुतेक वेळा घाणीची नुसती रवानगी असते. ओट्यावरून सिंकमध्ये, सिंकमधून पाइपात, पाइपातून कुणाच्या तरी हातांवर. डब्यातून पिशवीत, पिशवीतून नाल्यात. आणि चार माणसांच्या ताटांवरून एका बाईच्या तळव्यांवर. अशा स्वच्छतेला स्वच्छता म्हणायला मी आता तयार नाही. ज्या पद्धतीनं कुणाचंही अंगण आणि कुणाचेही हात घाण होत नाहीत, ती पद्धत शोधायची आणि रोज पाळायची, एवढंच मला सांगायचं आहे. त्यात मोठं तत्त्वज्ञान नाही. बरीचशी गोष्ट रद्दी कागदाची, फडक्याची आणि वेळेवर उठून हात लावण्याची आहे.

तेलापासूनच सुरुवात करू. गरम पाणी ओतलं की तेल-तूप पातळ होऊन पुढे सरकतं, म्हणून आपल्याला वाटतं गेलं. पुढचा पाइप गार असतो. तिथे ते थिजून आतल्या भिंतीला धरतं. वर भाताची पेज, कणकेचं पाणी, सायीचा चिकटा बसतो. सांडपाण्यातल्या कॅल्शियमशी ही चरबी मिळाली की साबणासारखाच, पण दगडासारखा कठीण थर तयार होतो. २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात रस्त्याखालच्या गटारात असाच एक गोळा सापडला. लांबी सुमारे २५० मीटर, वजन सुमारे १३० टन! तोही असाच घराघरांतून आणि हॉटेलांतून थोडा-थोडा जमला होता. उपाय मात्र अगदी साधा आहे. कढई, तवा, तुपाची वाटी, आमटीचं पातेलं, जे जे ओशट आहे ते पाणी लावण्याआधी रद्दीच्या कागदानं पुसून काढायचं. तो कागद कचऱ्यात. पुसलेल्या भांड्याला साबण निम्मा लागतो, पाणीही निम्मं, आणि घासणाऱ्याच्या हातांना ओशटपणाशी झगडावं लागत नाही. सिंकच्या तोंडावर बारीक छिद्रांची स्टीलची जाळी हवीच. ती दिवसातून दोनदा उचलून ओल्या कचऱ्यात झटकायची. त्यातलं खरकटं सिंकच्या भोकात बोटानं ढकलायचं नाही. चोथा पाण्यानं वाहून नेण्याची सवय तर आजच सोडावी, झाडांच्या कुंड्या त्याची वाट बघत आहेत.

तळणीचं उरलेलं तेल गाळून दोन दिवसांत फोडणीला संपवावं. त्याच तेलात पुन्हा पुन्हा तळू नये. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं २०१८ पासून तळणीच्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांना २५ टक्क्यांची मर्यादा घातली, ती तेल तापून-तापून आरोग्याला घातक होतं म्हणूनच. त्याच वर्षी वापरलेलं तेल गोळा करून त्यापासून बायोडिझेल करण्याची 'रुको' नावाची मोहीमही सुरू झाली. हॉटेलांना आणि फरसाणवाल्यांना तिचा उपयोग जास्त. घरी मात्र काळं पडलेलं तेल बाटलीत साठवावं. नेणारा कुणी मिळाला तर उत्तम. नाहीतर रद्दीत किंवा लाकडाच्या भुशात जिरवून कचऱ्यात द्यावं. आणि दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडूच नये. नुसती चीर द्यावी, तुकडा पिशवीलाच लटकत राहू द्यावा. हा चिमुकला तुकडा जाळीतूनही निसटतो.

आता थोडं कडू बोलते. आपल्या घरांत स्वच्छतेचा विचार पिढ्यान्‌पिढ्या सोवळ्याच्या भाषेत झाला. त्यात चांगल्या सवयी होत्या, मी नाकारत नाही. हात धुऊन भांड्याला शिवणं, पिण्याच्या पाण्याला ओगराळं किंवा वेगळं भांडं, शिळंपाकं बाजूला. पण सोवळं विचारत होतं, कोण शिवलं? स्वच्छता विचारते, कशानं शिवलं? या दोन प्रश्नांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ज्या घरात परजातीच्या माणसाची सावली चालत नव्हती, त्याच घरात एकच ओलं फडकं ओटा, ताटं, हात आणि सांडलेलं दूध पुसत फिरत होतं. आजही फिरतं. त्या फडक्याचा कुणी विटाळ मानत नाही.

मला या बाबतीत अप्पासाहेब पटवर्धनांची आठवण येते. मरोळ-अंधेरीत पुष्कळ मराठी माणसं रत्नागिरी-सिंधुदुर्गातली, त्यांना 'कोकणचे गांधी' हे नाव ठाऊक असेल. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना अप्पासाहेबांनी भंगीकाम आपल्याला द्यावं अशी मागणी केली. तुरुंगाच्या नियमानं ते काम ठरावीक जातीच्याच कैद्यांवर टाकलेलं होतं. त्यांना नकार मिळाला, तेव्हा त्यांनी अन्न सोडलं. येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण केलं. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी संडास, खत, गोबरगॅस यांचे प्रयोग करण्यात आयुष्य घातलं. त्यांचं म्हणणं मी माझ्या शब्दांत असं समजून घेते, की घाण करणारा एक आणि ती उचलणारा दुसरा, ही विभागणीच मुळात अस्वच्छ आहे. आपण त्यांच्याएवढे थोर नसू. पण आपल्या पाइपातलं तेल कमी करण्यासाठी उपोषण करावं लागत नाही.

सोवळ्याची जागा आता बाटल्यांनी घेतली आहे. पिवळी बाटली, निळी बाटली, फवारा, लिंबाचा वास, पाइनचा वास. वास आला म्हणजे जागा स्वच्छ झाली हा समज खोटा आहे. फिनाइलचा वास येणाऱ्या ओट्यावर भाजीच्या पाण्याचे डाग सुखानं वाळत असतात. आधी घाण घासून काढायची, मग गरज असेल तर जंतुनाशक, हा क्रम उलटा करून उपयोग नाही. आणि दोन बाटल्या कधीही एकत्र करू नयेत. ब्लीचिंग पावडर किंवा सोडियम हायपोक्लोराइट असलेलं द्रावण आणि संडास-मोरी धुण्याचं अ‍ॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो जीवावर बेतू शकतो. 'डबल पॉवर' म्हणून हे मिश्रण करणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून हे एवढ्या कळकळीनं लिहिते. लिंबू किंवा व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र फसफसवण्याचा जो प्रकार चालतो त्यात धोका नाही, पण फायदाही फारसा नाही, कारण आम्ल आणि अल्कली एकमेकांना निकामी करतात. सोडा वेगळा घासावा, व्हिनेगर वेगळं लावावं.

तेही कुठे लावायचं हे पाहून. जुन्या चाळींत आणि आमच्यासारख्या ऐंशीच्या दशकातल्या इमारतींत ओटे कडप्प्याचे आहेत. कडप्पा हा चुनखडीचाच प्रकार, त्यामुळे लिंबू, व्हिनेगर, चिंच, अ‍ॅसिड त्याला खातं. आधी चकाकी जाते, मग बारीक खड्डे पडतात, आणि त्या खड्ड्यांत घाण घर करते. कडप्प्याला आणि संगमरवराला नुसतं साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं. ग्रॅनाइटला आंबटाचं भय नाही. नळाच्या तोंडाशी बसलेला क्षाराचा पांढरा थर मात्र व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापडानं रात्रीत सुटतो. चिमणीच्या जाळ्या स्टीलच्या असतील तर गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून तासभर भिजवाव्यात. अ‍ॅल्युमिनियमच्या असतील तर सोडा नको, काळ्या पडतात. तिथे साधा साबण आणि ब्रश.

घासणीबद्दल दोन शब्द. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१७ साली वापरातल्या १४ स्पंज घासण्या तपासल्या. काही ठिकाणी एका घन सेंटीमीटरमध्ये पाच हजार कोटींच्या वर जीवाणू होते, आणि ज्या घासण्या नेमानं उकळून किंवा तापवून घेतल्या जात होत्या त्यांचीही स्थिती लांब पल्ल्यात बरी नव्हती. त्यांचा सल्ला सरळ होता, घासणी वारंवार बदला. पण दर आठवड्याला प्लास्टिकचा स्पंज फेकायचा म्हणजे पुन्हा तीच रवानगी. त्यापेक्षा नारळाची शेंडी किंवा घोसाळ्याची वाळलेली जाळी घ्यावी. पंधरवड्यानं ती कुंडीत गेली तरी माती होते. घासणी सिंकच्या कडेला पाण्यात लोळत ठेवू नये, खुंटीला टांगावी. फडकी तीन असावीत आणि रंगानं वेगळी. एक ओट्याचं, एक धुतलेल्या भांड्यांचं, एक हातांचं. रोज संध्याकाळी धुऊन वाऱ्यावर. वाळलेल्या फडक्यात जंतू वाढत नाहीत. दमट मुंबईत ही एक गोष्ट सांभाळली तरी निम्मं काम झालं.

मासळी खाणाऱ्या घरांनी याहून जास्त जपावं. मरोळचा मासळी बाजार, विशेषतः सुक्या मासळीचा, उपनगरात प्रसिद्ध आहे. आठवड्यात एक तरी पिशवी तिथून आमच्याकडे येते. मासे शक्यतो कोळीण मावशींकडूनच साफ करून घ्यावेत, म्हणजे खवले आणि आतडी घराच्या सिंकपर्यंत येत नाहीत. मासळी-मटणाची फळी आणि सुरी वेगळी, कोशिंबिरीची वेगळी. कच्ची मासळी सिंकमध्ये धुतली की सिंक साबणानं घासायचं, मग त्यात कोथिंबीर धुवायची. ही शिस्त नसेल तर चकचकीत ओट्यावरही पोट बिघडतं. दूषित अन्नानं जगात दर वर्षी सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ चा अंदाज आहे. दगावणाऱ्यांत पाच वर्षांखालची मुलं सव्वा लाख. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात पडून राहिलं की जंतू झपाट्यानं वाढतात, आणि आपल्या स्वयंपाकघराची हवा बारा महिने त्याच पट्ट्यात असते. दुपारचा भात संध्याकाळपर्यंत ओट्यावर झाकून ठेवायची सवय म्हणून वाईट. भातातल्या एका जीवाणूचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. उरलेला भात पसरट भांड्यात लवकर निववून फ्रीजमध्ये ठेवावा. फ्रीज इतका कोंबू नये की आत हवाच फिरणार नाही.

साठवणीचं शास्त्र आपल्याकडे फार जुनं आणि शहाणं आहे, ते आपण विसरत चाललो. आगोटीची तयारी म्हणजे पावसाआधी चैत्र-वैशाखाच्या उन्हात धान्य, मिरची, कोकमं, सुका जवळा, बोंबील खडखडीत वाळवून घट्ट डब्यांत भरणं. मरोळ गावठाणातली आमची ईस्ट इंडियन ख्रिस्ती शेजारीण एप्रिल-मेमध्ये बाटली मसाला करते. वीस-पंचवीस जिन्नस उन्हात तापवायचे, भाजायचे, कुटायचे आणि गडद रंगाच्या कोरड्या बाटल्यांत ठासून भरायचे; काचेच्या रंगानं उजेड अडतो, ठासल्यानं हवा उरत नाही. वर्षभर मसाल्याचा रंगही हलत नाही. हे ज्ञान स्वस्त आहे. डाळीच्या डब्यात ओला चमचा घालू नये, नवीन किराणा जुन्यावर ओतू नये, महिन्यातून एकदा मांडणी रिकामी करून पुसावी. शेंगदाण्याला किंवा सुक्या खोबऱ्याला बुरशी दिसली तर चोळून-भाजून वापरू नये; बुरशीचं अफ्लाटॉक्सिन भाजून नष्ट होत नाही. टाकताना जीव तुटतो, पण टाकावंच. आणि पुढच्या वेळी कमी आणावं.

स्वयंपाकघराच्या देखभालीत सुरक्षितताही येते, पण गॅसच्या नळीकडे आपण वर्षानुवर्षं बघत नाही. सिलिंडरची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर तारीख छापलेली असते. गळतीचा संशय आला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहावेत. काडी ओढून पाहू नये. वास आला तर दिव्याचं बटणही दाबायचं नाही, खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा आणि १९०६ हा क्रमांक लावायचा. ज्योत निळी असावी. पिवळी झाली की बर्नरची भोकं पिनेनं साफ करावीत. कुकरच्या शिट्टीची नळी दर वेळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते बघावं. एवढंच.

ओल्या कचऱ्याशी मला जास्त थांबायचं आहे, कारण दारात मिठी नदी असलेल्या मरोळच्या माणसाला तो टाळता येत नाही. विहार तलाव १८६० चा, मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावांतला सर्वांत जुना. त्याचं आणि पवईचं पावसाळी ओसंडणारं पाणी म्हणजे मिठी नदी. ती मरोळवरून साकीनाका, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल अशी माहीमच्या खाडीला जाते. म्हणजे उगमाला जे पाणी आपण पितो, त्याच्याच शेजारून निघालेली नदी आपल्या दारात येईतो काळी होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीनं काय केलं हे इथल्या प्रत्येक घराला आठवतं. त्या पुराला कारणं अनेक होती. नदीपात्रातली बांधकामं, भराव, अरुंद पूल यांचा दोष माझ्या केळ्याच्या सालीवर टाकण्याइतकी मी भोळी नाही. पण पुरानंतर ऑगस्टमध्ये लेप्टोस्पायरोसिसची साथ आली ती उंदरांच्या मुतातून, आणि उंदीर पोसतो तो आपल्या पिशव्यांतल्या भातानं. १८९६ साली मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला, तेव्हाही धान्याची गोदामं आणि उंदीर तिथेच शेजारी नांदत होते. त्याच प्लेगमध्ये पुढच्या वर्षी रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. सव्वाशे वर्षं झाली तरी आम्ही रात्री अकराला जिन्याखाली खरकट्याची पिशवी ठेवतोच आहोत.

घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ सालचे. ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा घरातच वेगळा करणं त्यांत बंधनकारक होतं. कायदा झाला, डबे मिळाले, आणि हिरव्या-निळ्या डब्यांत आम्ही तोच मिसळलेला कचरा टाकत राहिलो. का? कारण वर्गवारी करणं हलकं काम वाटतं आणि शेवटी कुणीतरी ते करतंच, या विश्वासावर आपण जगतो. ते 'कुणीतरी' म्हणजे गाडीवर उभी राहून हातानं सॅनिटरी पॅड आणि शिळी पोळी वेगळी करणारी बाई आहे. तिला तुम्ही कधी पाहिलं आहे का? ओला कचरा पिशवीत न बांधता झाकणाच्या डब्यात द्यावा, डबा धुऊन घरी आणावा. पॅड, डायपर कागदात गुंडाळून वर खूण करावी. फुटलेली काच खोक्यात. सुका कचरा देण्याआधी पिशव्या विसळाव्यात, म्हणजे झुरळं येत नाहीत. मासळीचा कचरा सकाळच्या गाडीपर्यंत घट्ट डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवावा. ऐकायला विचित्र वाटतं, पण वासही येत नाही आणि मांजर-घुशींना मेजवानीही मिळत नाही. भाजीच्या देठ-सालींचं खत गॅलरीत एका भोकं पाडलेल्या बादलीत सहज होतं. तळाला नारळाच्या शेंड्या, एक थर सालींचा, त्यावर दुप्पट सुका पाला. वास आला तर ओलं जास्त झालं, पाला वाढवायचा.

झुरळांचंही असंच. त्यांना पाणी, ऊब आणि फट लागते. टपकणारा नळ दुरुस्त करणं, सिंकखालच्या पाइपाभोवतीची फट सिमेंटनं बुजवणं आणि रात्री खरकटं न ठेवणं, यांपुढे फवारा दुय्यम आहे. जर्मन झुरळाच्या एका अंडकोषात तीस-चाळीस अंडी असतात, त्यामुळे एकदा फवारून निर्धास्त राहता येत नाही. बोरिक पावडर आणि कणकेच्या गोळ्या चालतात, पण लहान मुलाचा हात पोचेल अशा ठिकाणी नकोत.

आता हे सगळं करायचं कुणी? वर जे लिहिलं ते वाचून एखादी बाई मनातल्या मनात तासांची बेरीज करत असेल, आणि तिची शंका बरोबर आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या; पुरुष ९७. आणि त्या कामाला हातच लावणारे पुरुष शंभरात सव्वीस होते. स्वच्छतेचे लेख मी पुष्कळ वाचले, जवळजवळ सगळे 'गृहिणींनो' या शब्दानं सुरू होतात. त्या एका हाकेनं घरातल्या बाकीच्या माणसांची सुटका होते. जो जेवतो त्यानं ताट पुसून, विसळून ठेवावं. इथे वयाची, पगाराची, लिंगाची सूट नसावी. आमच्याकडे आता रात्रीचं काम वाटलेलं आहे. यजमान ओटा आणि शेगडी, मुलगा सिंक, जाळी आणि कचऱ्याचे डबे, सून आणि मी आळीपाळीनं फ्रीज-फडकी. रेग्युलेटर शेवटी झोपणारा बंद करतो. सगळं मिळून वीस मिनिटं. सुरुवातीचे दोन महिने मला त्यांच्या मागून पुन्हा पुसायचा मोह होत असे. तो आवरला, कारण माझ्या 'परत पुसण्या'मुळेच तीस वर्षं कुणाला पुसायची गरज वाटली नव्हती.

आणि आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, पण त्यांच्या हातांना पडणाऱ्या भेगांचा विचार कायद्याआधी आपण करायला हवा होता. जळकं पातेलं रात्री पाणी घालून ठेवलं तर सकाळी त्यांना तारेच्या घासणीनं दहा मिनिटं झगडावं लागत नाही. बसायला पाट, हातांना मोजे, पावसाळ्यात कोमट पाणी, ठरलेली सुट्टी, ही स्वयंपाकघराच्या देखभालीचीच यादी आहे. माझ्या घरात एक कप होता, दांडी तुटलेला, खिडकीच्या कोपऱ्यात उपडा. मावशींचा चहा त्यातून. मी जात मानत नाही असं म्हणत होते आणि तो कप तिथे होता. ज्या हातांनी घासलेल्या ताटात मी जेवत होते, त्या हातांनी धरलेला कप मला वेगळा लागत होता. चेंबर उघडलं त्या आठवड्यात तो मी काढला. मावशींनी विचारलं, "ताई, माझा कप कुठं?" काय सांगावं ते मला पटकन सुचलं नाही. मी सगळ्यांचे कप होते त्यांतला एक पुढे केला. त्यांनी तो घेतला आणि ओट्याला टेकून चहा प्यायल्या.

यंदा मे महिन्यात, पावसाआधी, सोसायटीनं चेंबर पुन्हा उघडायचं ठरवलं. माणसांना गटारात उतरवायला बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. आमचं चेंबर उतरण्याइतकं खोल नाही, तरी सभेत मी हातमोजे, गमबूट आणि प्रेशरच्या पाण्याची मशीन यांचा विषय काढला. खर्चावरून वाद झाला, मग सगळ्या घरांवर वाटून घेतला. माणूस तोच आला. यावेळी त्याला दहा मिनिटं लागली. त्यानं प्यायला पाणी मागितलं. मी पेला भरून दिला आणि रिकामा पेला बाकीच्या पेल्यांबरोबर घासायला ठेवला. तेलाचं ढेकूळ निघालं नाही. दुधाच्या पिशव्यांचे कोपरे मात्र निघाले. मी मोजले, सतरा.